बावरीच्या शिष्यांची वाट आणि उदगीरचा नकाशा

काही वर्षांपूर्वी उदगीर येथील उपासक-उपासिकांसमोर सुत्तनिपातातील 'पारायनवग्गा'वर बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. विषय समजण्यास सोपा जावा म्हणून आम्ही एका मोठ्या कागदावर नकाशा काढून नेला. गोदावरीच्या काठावरून निघालेले बावरीचे सोळा शिष्य भगवंतांच्या भेटीस राजगृहापर्यंत कसे गेले, हे त्यात तांबड्या बाणांनी दाखविले होते. पहिला बाण तेलंगणातील बोधनजवळून निघून उदगीरवरून पैठणला पोहोचत होता. श्रोत्यांना आनंद झाला. व्याख्यानातील विवेचन फारसे कोणाच्या स्मरणात राहिले नसावे. नकाशा मात्र राहिला. त्याच्या नकला निघाल्या, त्या भिंतींवर लागल्या, आणि 'बावरीचे शिष्य आपल्या गावावरून गेले' हे वाक्य हळूहळू इतिहास म्हणून बोलले जाऊ लागले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगीरच्या बुद्धविहाराचे लोकार्पण झाले. तेव्हापासून या गावाच्या बौद्ध भूतकाळाविषयी आमच्याकडे होणारी विचारणा वाढली आहे.

अशातच एका वृद्ध उपासकांचे पत्र आले. पहिल्या बाणाला आधार कोणता, एवढेच त्यांनी विचारले होते. आम्ही उत्तर लिहावयास बसलो, ग्रंथ उघडले, आणि आधार नाही असे आढळले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पत्राचे सविस्तर उत्तर होय.

मूळ कथा वाचकांना परिचित आहे. बावरी हा कोसलातून दक्षिणापथात आलेला ब्राह्मण. अस्सकाच्या राज्यात, अळकाच्या सीमेजवळ, गोदावरीच्या काठी भिक्षान्नावर आणि फळांवर तो निर्वाह करीत असे. यज्ञात सर्वस्व वाटून टाकल्यावर एक याचक येऊन पाचशे नाण्यांची मागणी करतो आणि ती पुरी न झाल्याने 'सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील' असा शाप देतो. भयभीत बावरीला एक देवता सांगते की 'मुद्धा' म्हणजे काय आणि 'मुद्धाधिपात' म्हणजे काय, हे जाणणारा बुद्ध सध्या सावत्थीत आहे. बावरी आपले सोळा शिष्य पाठवितो. भगवान त्यांना सांगतात की अविद्या हेच मस्तक आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद व वीर्य यांसह असलेली विद्या हीच ते मस्तक पाडणारी. शापाच्या भीतीतून निघालेला प्रवास अविद्येच्या विचारापाशी येऊन थांबतो. दक्षिणापथाचा धम्माशी आलेला पहिला संबंध म्हणून आपण ज्या कथेचा अभिमानाने उल्लेख करतो, ती ही कथा.

या कथेचे मोल असे की तिच्यात मार्ग नावानिशी दिला आहे. अळकाचे पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, वनसव्हय, कोसंबी, साकेत, सावत्थी, सेतव्या, कपिलवत्थु, कुसिनारा, पावा, भोगनगर, वेसाली, मगधपुर आणि शेवटी पासाणक चेतिय. सोळा नगरे आणि एक चैत्य. गोनद्ध म्हणजे गोधपुर, असे अट्ठकथा सांगते. वनसव्हयाचे दुसरे नाव ती तुंबव असे देते आणि अभ्यासक ते मध्यप्रदेशातील तुमैन येथे दाखवितात. पैठण, महेश्वर, उज्जैन, विदिशा, कोसम, अयोध्या, श्रावस्ती ही बाकीची स्थाने सामान्यतः मान्य झालेली आहेत. प्राचीन भारतातील एखाद्या प्रवासाचे इतके मुक्काम क्रमाने देणारा उल्लेख विरळाच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही गावांची यादी ज्या 'वत्थुगाथां'मध्ये येते, त्या पारायनवग्गाच्या प्रास्ताविक गाथा आहेत. चुल्लनिद्देस हा पारायनवग्गावरील प्राचीन भाष्यग्रंथ सोळा प्रश्नांवर भाष्य करतो, उपसंहारावर करतो, परंतु वत्थुगाथांवर करीत नाही. यावरून, भाष्यकारासमोर त्या नव्हत्या किंवा त्याने त्यांना मूळ भाग मानले नव्हते, असे अनुमान विद्वानांनी काढले आहे आणि ते आम्हांस ग्राह्य वाटते. म्हणजे प्रश्न जुने आणि प्रवासाचे वर्णन त्यामानाने नंतरचे. यात निराश होण्यासारखे काही नाही. ज्याने ही यादी रचली त्याला हा रस्ता ठाऊक होता. रस्ता वाहता होता, म्हणूनच तर ठाऊक होता.

तो वाहता होता याला शिलालेखांचा आधार आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील लेखात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राच्या अमलाखालील प्रदेश सांगितले आहेत. त्यात असक आणि मूळक ही नावे शेजारी शेजारी येतात. पालि ग्रंथातील अस्सक आणि अळक (काही पाठांत मूळक) ते हेच. त्याच लेखात पुढे अनूप येते, म्हणजे माहिस्सतीचा प्रदेश. आकरावंती येते, म्हणजे विदिशा आणि उज्जैन. पैठण ते विदिशा हा मार्गाचा पूर्वार्ध अशा रीतीने एका राजाच्या प्रदेशयादीतही उभा राहतो. सांचीच्या मुख्य स्तूपाच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातील खांबांवर पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या कुळाचे आणि संघकाच्या पुत्रांचे दान कोरलेले आहे. गंधद्रव्यांचा व्यापारी पैठणहून निघून सह्याद्रीच्या त्या खोऱ्यात एक खांब देतो, तेव्हा त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा आपल्या कल्पनेची राहत नाही. ती त्याने स्वतः, स्वतःच्या पैशाने काढलेली असते.

म्हणून पैठणच्या उत्तरेला आमच्या नकाशातील रेषा पक्की आहे. परंतु तेथेही बाणांनी एक गोष्ट झाकून टाकली होती. पैठण ते राजगीर हे अंतर सरळ मोजले तर सुमारे १२०० किलोमीटर भरते. गाथांतील गावे एकेक करून जोडली तर ते १८०० किलोमीटरच्या घरात जाते. (ही मोजणी गावागावांतील सरळ रेषांची आहे, प्रत्यक्ष वाट याहून लांबच असणार.) हा फरक मुख्यतः कोसंबीपासून पुढे पडतो. कोसंबीहून राजगृह जवळजवळ पूर्वेस ४०० किलोमीटरवर आहे. शिष्य तिकडे न वळता उत्तरेस साकेत आणि सावत्थीला गेले, तेथून हिमालयाच्या पायथ्याशी कपिलवत्थु, मग कुसिनारा, वेसाली असे करीत मगधात उतरले. सुमारे ७४० किलोमीटरचा हा वळसा आहे. का? कारण देवतेने सांगितलेला पत्ता सावत्थीचा होता. ते तेथे पोहोचले तेव्हा भगवान तेथून निघून गेले होते. त्यांची इंद्रिये अजून परिपक्व झाली नव्हती म्हणून भगवान पुढे चालत राहिले आणि हे त्यांच्या मागावर गेले, असे अट्ठकथा म्हणते. कारण कोणतेही माना, रेषेतील तो बाक म्हणजेच कथा आहे. ज्याला शोधावयाचे तो स्वतः चारिकेवर असतो आणि शोधणाऱ्यांची वाट त्याच्या वाटेने वाकते. आमच्या नकाशावर गोदावरीपासून राजगृहापर्यंत एकाच रंगाचे, एकाच जाडीचे बाण होते. जणू सोळा जण तिकीट काढून ठरलेल्या ठिकाणी गेले!

आता पैठणच्या दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे वळू. उदगीरच्या वाचकांना खरे स्वारस्य येथे आहे आणि आमची चूकही येथेच आहे.

वत्थुगाथांत पतिट्ठानाच्या आधीचे एकही गाव नाही. आश्रमाचे वर्णन फक्त अस्सकाचे राज्य, अळकाचे सान्निध्य आणि गोदावरीचा काठ या तीन खुणांनी केले आहे. अट्ठकथा भर घालते की गोदावरी दोन प्रवाहांत फुटून मध्ये तीन योजनांचे बेट झाले होते, त्यावर कपित्थाचे म्हणजे कवठाचे वन होते आणि दोन्ही राजांकडून ती जागा मिळविण्यात आली. या वर्णनाला जुळणारे बेट म्हणून तेलंगणातील निर्मल जिल्ह्यातील बादनकुर्तीचे नाव सांगितले जाते. तेथील बांधवांचा त्यावर मोठा लोभ आहे. आमची अडचण एवढीच की अस्सकाची राजधानी पोतन म्हणजे बोधन असे मानले (आणि बहुतेक अभ्यासक तसे मानतात), तर बादनकुर्ती बोधनच्याही पूर्वेस, अळकापासून आणखी दूर पडते. अस्सक आणि अळक यांची सीमा बोधन आणि पैठण यांच्या दरम्यान कोठेतरी असावयास हवी. गोदावरीच्या काठाने पाहिले तर तो पट्टा आजच्या नांदेड-परभणीचा होतो. परंतु नेमके गाव सांगण्याचा मोह तेथेही आवरावा. कवठा आणि कौठा नावाची गावे मराठवाड्यात थोडीथोडकी नाहीत, कारण कवठाची झाडे थोडीथोडकी नाहीत.

आश्रम नांदेड-परभणीच्या पट्ट्यात असो की बोधनजवळच्या कंदकुर्तीच्या संगमावर असो, नदीकाठच्या माणसाने पैठणला जावयाचे तर त्याने नदी धरून वर जावे. नांदेडपासून उदगीर सरळ रेषेने सुमारे ८५ किलोमीटर दक्षिणेस, बालाघाटाच्या पठारावर आहे. वायव्येला पैठणकडे निघालेला प्रवासी दक्षिणेस ८५ किलोमीटर येऊन, घाट चढून, पुन्हा उत्तरेस उतरेल याला काही कारण दिसत नाही. आम्ही तो बाण उदगीरवरून नेला, कारण व्याख्यान उदगीरला होते. याहून प्रामाणिक उत्तर आमच्याजवळ नाही.

असे घडते तेव्हा आपण नेमके काय करतो, याचा विचार आपल्या समाजाने करावयास हवा. रामाच्या वनवासातील पाऊलखुणा गावोगावी दाखविल्या जातात, प्रत्येक डोहाला एखाद्या ऋषीचे स्नान चिकटविले जाते, आणि आपण त्या माहात्म्यांना हसतो. मग पुरावा नसताना आपल्या गावावरून बाण नेणे हे दुसरे काय आहे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथाच तपासली आणि वृद्ध, रोगी व प्रेत प्रथमच पाहून त्याने घर सोडले ही गोष्ट बुद्धीस पटत नाही म्हणून बाजूस ठेवली. ती कथा तर पिढ्यान्पिढ्या पूज्य होती. आमचा बाण काही वर्षांचाच आहे, तो खोडणे त्यामानाने सोपे.

उदगीरचे नाव मात्र नकाशावरून पुसण्याचे कारण नाही. त्या गावाचा विचार वेगळ्या रेषेवर करावा लागेल. ती रेषा तेर ते बोधन अशी आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. आज धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेले हे गाव इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमशी चाललेल्या व्यापाराचे केंद्र होते. तेथे विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. त्रिविक्रमाचे म्हणून पूजले जाणारे गजपृष्ठाकार मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेकांनी म्हटले आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी आहे, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर सांगितले आहे. आम्ही हे नकाशावर मोजून पाहिले. भडोच ते पैठण सरळ रेषेने सुमारे ३५० किलोमीटर, पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर. म्हणजे दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटर. भरलेल्या गाड्यांना हा वेग अगदी साजेसा आहे. दिशा मात्र चुकली आहे. तेर पैठणच्या आग्नेयेस आहे आणि त्यातही पूर्वेपेक्षा दक्षिणेकडे अधिक. प्रवासी दिवस बरोबर मोजतो आणि दिशा ढोबळ सांगतो. प्राचीन उल्लेख नकाशावर उतरविताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

रेषेच्या दुसऱ्या टोकाला बोधन. दीघनिकायातील महागोविंद सुत्तात सात राज्यांच्या सात राजधान्या आहेत, त्यांत अस्सकांचे पोतन आहे. जातकांत ते पोतलि या नावाने येते. अंगुत्तरनिकायाच्या सोळा महाजनपदांत नर्मदेच्या दक्षिणेचे असे अस्सक हे एकच.

आता या दोन टोकांमधील भूमी पाहा. तेरणा मांजरेस मिळते आणि मांजरा कंदकुर्तीपाशी, बोधनच्या जवळ, गोदावरीस मिळते. म्हणजे तेरचे पाणी शेवटी बोधनच्या शेजारी येते. परंतु मांजरा सरळ येत नाही. ती बीडच्या बालाघाटात उगम पावून आग्नेयेस वाहते, बीदर ओलांडून मेदक-संगारेड्डीच्या बाजूस जाते आणि तेथून एकदम उत्तरेकडे वळते. मोठा फास टाकावा तसा हा तिचा मार्ग आहे. उदगीरचे पठार या फासाच्या आत आहे. तेरपासून ते सुमारे १०० किलोमीटर पूर्वेस आणि बोधनपासून ८५ ते ९० किलोमीटर नैर्ऋत्येस पडते. तेर-बोधन या सरळ रेषेवर पट्टी ठेवली तर उदगीर तिच्यापासून दहा-पंधरा किलोमीटर दक्षिणेस राहते. नदीचा वळसा टाळून पठारावरून जाणाऱ्या वाटेसाठी ही जागा सोयीची आहे. ज्या पठाराची सोय पुढे किल्ला बांधणाऱ्यांना दिसली आणि जेथे १७६० साली मराठे व निजाम यांचे सैन्य समोरासमोर आले, तेथून त्यापूर्वीही वाट जात असावी, एवढे म्हणता येईल.

'असावी' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पट्टी ठेवता येणे हा पुरावा नव्हे. नवीन नकाशात ही रेषा आम्ही तुटक काढली आहे.

ती रेषा इतके दिवस कोणाला सुचली कशी नाही, याचे उत्तर आपल्या शाळेतील नकाशांत आहे. उदगीर तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात होता. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. उदगीर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात आले, बीदर म्हैसूरकडे गेले आणि बोधन आंध्रप्रदेशाकडे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला आणि २०१४ मध्ये बोधन तेलंगणात गेले. अस्सक जनपदाचे अशा रीतीने तीन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याचा इतिहास वेगळ्या भाषेत लिहिला जाऊ लागला. आमच्या पाठ्यपुस्तकात देगलूरच्या पलीकडे कागद कोरा असतो. याउलट भारतीय सर्वेक्षण विभागाचा छप्पन एफ हा पत्रक-नकाशा उघडा. उदगीर, देगलूर, कंदकुर्ती, बोधन ही चारही गावे एकाच कागदावर आहेत. मराठीत लिहिणाऱ्या बौद्ध अभ्यासकाने तेलुगू आणि कन्नड भागांतील उत्खननांकडे पाठ फिरविली, तर त्याला अस्सक कधीच दिसणार नाही. अशोकाचे लेख आणि कनगनहळ्ळीचा स्तूप जेथे मिळाले ते सन्नती उदगीरच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, सुमारे १७० किलोमीटरवर आहे. आपल्यापैकी कितीजण तेथे गेले आहेत?

तुटक रेषा पक्की करणारा पुरावा मिळाला तर तो जमिनीत मिळेल. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर नांगरटीनंतर काळी-तांबडी खापरे वर येतात. विहीर खणताना आजच्या विटेच्या दुप्पट लांबीच्या विटा लागतात. शिशाची जड नाणी सापडतात आणि शिसे म्हणून वितळविली जातात. अशा वस्तू लेंडीच्या खोऱ्यात, मांजरेच्या काठी कोणास दिसल्या तर त्या न हलविता जागेचे वर्णन, गावाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी व पुरातत्त्व विभागास कळवावे. देवर्जनजवळच्या हत्तीबेटावरील खोदीव गुंफांबद्दल आम्हांस नेहमी विचारले जाते. गुंफा खोदलेली आहे एवढ्यावरून ती बौद्ध ठरत नाही, आणि बौद्ध ठरली तरी बावरीच्या काळाची ठरत नाही. खरोशाची लेणीही सहाव्या शतकाच्या सुमाराची आहेत. बावरीच्या शिष्यांच्या प्रवासास त्यांचा उपयोग नाही.

पत्र लिहिणाऱ्या उपासकांचा आणखी एक प्रश्न होता आणि तो आम्हांस पहिल्यापेक्षा कठीण वाटला. 'जाण्याची वाट दाखविली, परत येण्याची का नाही?'

सोळा जणांपैकी पिंगिय परत आला. तो बावरीचा भाचा होता, असे अट्ठकथा सांगते. भगवंतांसमोर प्रश्न विचारतानाच तो म्हणतो की मी जीर्ण झालो आहे, अंगात बळ नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही. असा हा माणूस गोदावरीपर्यंत परतला आणि त्याने बावरीला ऐकलेला धम्म सांगितला. गोतमापासून तू क्षणभर तरी दूर कसा राहतोस, या अर्थाच्या प्रश्नावर त्याचे उत्तर असे की शरीर थकले आहे, ते तेथे जाऊ शकत नाही, परंतु मन तेथेच आहे. धम्म दक्षिणापथात आला तो या परतीच्या वाटेने. आणि त्या वाटेचे एकही गाव ग्रंथात नाही. जाताना सोळा नगरे, येताना शून्य.

जुन्या नकाशात आम्ही जाण्याचे बाण काढून थांबलो होतो. नव्या नकाशात पैठणपासून उत्तरेस पासाणक चेतियापर्यंत सलग रेषा आहे आणि कोसंबीच्या पुढचा बाक तसाच ठेवला आहे. पैठणच्या खाली गोदावरीच्या दोन्ही काठांना नांदेडच्या पुढपर्यंत फिकट रंगाचा पट्टा आहे, त्यावर गाव नाही. तेर ते बोधन तुटक रेषा आहे, तिच्या किंचित खाली उदगीर हे नाव आणि एक ठिपका. पिंगियाच्या परतीसाठी मगधाकडून गोदावरीकडे एक बारीक रेषा काढली आहे आणि तिच्यावर एकही नाव लिहिलेले नाही. हा नकाशा त्या उपासकांकडे टपालाने पाठविला आहे. उदगीरमधील ज्या विहारांत जुना नकाशा लावलेला असेल त्यांनी तो उतरवून आमच्याकडून नवा मागवून घ्यावा.